बल्बवर नीट चालणारा ट्रायॅक ट्रान्सफॉर्मरवर का बिघडतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर आपण बीटीए१६-६००बी हा ट्रायॅक (गेटला इशारा मिळाला की दोन्ही दिशांनी धारा वाहू देणारा अर्धवाहक स्विच) एमओसी३०२१ या ऑप्टोकपलरमार्फत (प्रकाशाने इशारा पोहोचवून दोन सर्किटे अलग ठेवणारा घटक) मायक्रोकंट्रोलरने चालवता. दर अर्धचक्रात झिरो क्रॉसिंगनंतर, म्हणजे व्होल्टेज शून्यातून गेल्यानंतर, ठरावीक विलंबाने गेटला १०० मायक्रोसेकंदांचा एक पल्स देता. १०० वॅटचा तंतूचा बल्ब लावला की तो अपेक्षेप्रमाणे मंद-प्रखर होतो. त्याच सर्किटला ५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर जोडला की तो मोठ्याने गुणगुणतो, मधूनच फ्यूज उडतो, आणि पल्स पूर्ण थांबवले तरी कधी कधी ट्रायॅक चालूच राहतो. २५ अँपिअरचा ट्रायॅक बसवावा का, आणि गेटनेच तो बंद करण्याचा काही मार्ग आहे का, असे आपण विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते. नाही, ट्रायॅक गेटने बंद करता येत नाही. आपल्या सर्किटमधला दोषही ट्रायॅक लहान असण्यात नाही. ट्रायॅक बंद होण्याचा क्षण लोड, म्हणजे त्याला जोडलेले उपकरण, ठरवतो. बल्बच्या बाबतीत हा क्षण योगायोगाने सोयीचा असतो, ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत तो अत्यंत गैरसोयीचा असतो. आपण सांगितलेल्या तक्रारी वरवर एकाच रोगाच्या वाटतात, पण त्यांची कारणे दोन आहेत आणि त्यांचे उपायही वेगवेगळे आहेत, म्हणून त्या स्वतंत्रपणे पाहू.

थायरिस्टर कुळातल्या सर्व घटकांचा मूळ स्वभाव सारखा आहे. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने एससीआर (एकाच दिशेने धारा वाहू देणारा थायरिस्टर; ट्रायॅक म्हणजे असे दोन उलटे जोडल्यासारखा) पुढे आणला, त्याच्या आधी हेच काम वायू भरलेल्या थायरॅट्रॉन नळ्या करत असत, आणि त्यांनाही ग्रिडने सुरू करता येई पण थांबवता येत नसे. एससीआरमध्ये पी-एन-पी-एन असे चार थर असतात. त्यांच्याकडे दोन ट्रान्झिस्टरांची जोडी म्हणून पाहिले, तर प्रत्येकाचा कलेक्टर दुसऱ्याच्या बेसला धारा पुरवताना दिसतो. गेटमधून थोडी धारा आत गेली की हे परस्परपोषण सुरू होते, आणि मुख्य धारा एका मर्यादेच्या वर गेली की गेटची गरजच उरत नाही. या मर्यादेला लॅचिंग करंट म्हणतात. त्यानंतर मुख्य धारा त्याहून थोड्या कमी असलेल्या होल्डिंग करंटच्या खाली येईपर्यंत घटक चालूच राहतो. आपल्या ट्रायॅकचा होल्डिंग करंट कमाल ५० मिलिअँपिअरच्या आसपास असतो. गेटने बंद होणारे जीटीओ थायरिस्टर असतात, हे खरे आहे. परंतु त्यांना बंद करण्यासाठी मुख्य धारेच्या साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी उलटी धारा गेटमधून काही काळ ओढावी लागते. त्यांचे क्षेत्र मोठ्या शक्तीच्या यंत्रणांचे आहे, आपल्या कामासाठी त्यांचा विचार करण्याचे कारण नाही.

एसीवर ही मर्यादा अडचणीची ठरत नाही, कारण धारा दर अर्धचक्राच्या शेवटी आपोआप शून्यावर येते. ५० हर्ट्झवर हे दर १० मिलिसेकंदांनी घडते. झिरो क्रॉसिंगनंतर किती वेळाने गेटला इशारा द्यायचा, एवढेच आपल्या हातात राहते. शुद्ध रोधी लोडवर, म्हणजे बल्ब-हीटरसारख्या केवळ रोध असलेल्या लोडवर, २.५ मिलिसेकंद, म्हणजे ४५ अंश, थांबलात तर पूर्ण शक्तीच्या सुमारे ९१ टक्के शक्ती लोडला मिळते; ५ मिलिसेकंद थांबलात तर बरोबर निम्मी; आणि ७.५ मिलिसेकंद थांबलात तर केवळ ९ टक्के. विलंब आणि शक्ती यांचे नाते सरळ रेषेत नाही, हे ध्यानात ठेवावे, कारण साइन लहरीची बहुतेक ऊर्जा तिच्या मधल्या भागात असते. निम्म्या शक्तीला आरएमएस (परिणामकारक) दाब, म्हणजे व्होल्टेज, मात्र निम्मा नसतो. तो सुमारे १६३ व्होल्ट असतो.

रोधी लोडमध्ये दाब आणि धारा एकाच क्षणी शून्य होतात. ट्रायॅक बंद होतो तेव्हा त्याच्यावर दाबही जवळजवळ शून्य असतो, आणि मग तो साइन लहरीच्या संथ गतीने वाढतो. बल्बवर आपले सर्किट निर्दोष वाटले ते यामुळे. इंडक्टिव्ह लोडमध्ये, म्हणजे ट्रान्सफॉर्मर-मोटरसारख्या गुंडाळीच्या लोडमध्ये, धारा दाबाच्या मागे पडते. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर (बाहेरच्या बाजूच्या गुंडाळीवर) काहीच जोडलेले नसेल तर प्रायमरीत (पुरवठ्याच्या बाजूच्या गुंडाळीत) फक्त चुंबकन धारा वाहते आणि ती दाबाच्या जवळजवळ ९० अंश मागे असते. सेकंडरीवर पुरेसा रोधी भार असेल तर हा फरक बराच कमी होतो. आपण सेकंडरीवर काय जोडले आहे ते लिहिलेले नाही, आणि पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे. सर्वांत कठीण स्थिती रिकाम्या ट्रान्सफॉर्मरची असते, म्हणून विवेचनासाठी मी तीच धरतो.

आता पहिली तक्रार, म्हणजे गुणगुणणे आणि फ्यूज उडणे. समजा आपण २.५ मिलिसेकंदांवर पल्स दिला. ट्रायॅक चालू झाला आणि धारा वाढू लागली. १० मिलिसेकंदांवर दाब शून्य झाला, पण धारा शून्य झाली नाही. त्या क्षणी ती शिखरावर असते. शुद्ध इंडक्टरमध्ये धारेचा हा उंचवटा दाबाच्या शून्यबिंदूभोवती दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला असतो, त्यामुळे ती १७.५ मिलिसेकंदांपर्यंत वाहत राहते. दरम्यान १२.५ मिलिसेकंदांवर आपण दुसऱ्या अर्धचक्राचा पल्स दिलेला असतो, पण तेव्हा ट्रायॅक आधीपासूनच चालू असल्याने तो पल्स वाया जातो. १७.५ मिलिसेकंदांवर धारा शून्य होऊन ट्रायॅक बंद होतो, आणि त्या वेळी गेटवर काहीच नसते. पुढचा पल्स येतो २२.५ मिलिसेकंदांवर, म्हणजे पुन्हा धन अर्धचक्रात. याचा अर्थ असा की ट्रायॅक प्रत्येक वेळी एकाच दिशेने वाहतो आणि ट्रान्सफॉर्मरला एसीऐवजी अर्धलहरी डीसी मिळू लागते.

ट्रान्सफॉर्मरचा गाभा हे सहन करू शकत नाही. एकाच दिशेचे चुंबकन साचत जाऊन गाभा संपृक्त होतो, इंडक्टन्स कोसळतो, आणि धारेच्या शिखरांना अडवायला प्रायमरीच्या तारेचा रोध तेवढा उरतो. ऐकू येते ती गुणगुण याच शिखरांची आहे आणि फ्यूज उडतो तोही त्यांच्यामुळेच. अशा ठिकाणी जास्त अँपिअरचा फ्यूज बसवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण येथे फ्यूज त्याचे काम चोख करत आहे.

यात १०० मायक्रोसेकंदांच्या पल्सच्या अपुऱ्या लांबीचा दोषही मिसळलेला असतो. इंडक्टरमध्ये धारा उडी मारत नाही, ती चढत जाते. दाबाच्या शिखरावर, म्हणजे ३२५ व्होल्टवर, १ हेन्रीच्या इंडक्टन्समध्ये धारा १०० मायक्रोसेकंदांत जेमतेम ३२ मिलिअँपिअरपर्यंत पोहोचते. एवढी धारा लॅचिंग करंटला कमी पडू शकते, आणि पल्स संपताच ट्रायॅक पुन्हा बंद होतो. रिकाम्या ट्रान्सफॉर्मरचा इंडक्टन्स तर याहूनही काही पटींनी जास्त असतो. असे बंद होणे प्रत्येक अर्धचक्रात सारखे घडत नाही, कारण ट्रायॅकची दोन दिशांची संवेदनशीलता वेगळी असते. परिणामी धन आणि ऋण बाजूंचा समतोल बिघडतो आणि पुन्हा तोच डीसी भाग निर्माण होतो.

दोन्हींवरचा उपाय एकच आहे, आणि त्यासाठी नवा घटक विकत घ्यावा लागत नाही. एका पल्सऐवजी फायरिंगच्या, म्हणजे ट्रायॅक पेटवण्याच्या, क्षणापासून त्या अर्धचक्राच्या शेवटाच्या जरा आधीपर्यंत गेटला इशारा चालू ठेवा, अखंड तरी किंवा जवळजवळच्या पल्सांच्या मालिकेच्या रूपात तरी. मग वरच्या उदाहरणात १७.५ मिलिसेकंदांवर ट्रायॅक बंद होताच तो लगेच उलट दिशेने पेटतो, आणि काही चक्रांत दोन्ही बाजू समान होतात. अखंड इशाऱ्याने ऑप्टोकपलरच्या एलईडीला जास्त वेळ धारा द्यावी लागते, एवढाच तोटा आहे, आणि मायक्रोकंट्रोलरच्या पिनला तो परवडतो. इशारा अर्धचक्राच्या शेवटापलीकडे मात्र जाऊ देऊ नका. नाहीतर पुढच्या अर्धचक्राच्या आरंभीच ट्रायॅक पेटेल आणि नियंत्रणच हातून जाईल. एक मर्यादा तरीही राहतेच. धारा दाबाच्या जितके अंश मागे आहे, त्याहून कमी फायरिंग कोनाला काही अर्थ उरत नाही, तिथे लोडला पूर्ण दाब मिळतो. शुद्ध इंडक्टरसाठी नियंत्रणाचा पल्ला फक्त ९० ते १८० अंशांचा आहे.

आता दुसरी तक्रार, पल्स थांबवूनही ट्रायॅक चालू राहण्याची. हिचा पल्सच्या लांबीशी संबंध नाही. इंडक्टिव्ह लोडमध्ये धारा शून्य होते तेव्हा दाब कमीअधिक प्रमाणात आपल्या शिखराच्या आसपास असतो. ट्रायॅक चालू होता तोवर त्याच्यावर दीड व्होल्टच्या आत दाब होता. तो बंद होताच पुरवठ्याचा जवळजवळ सगळा दाब, तोही उलट दिशेचा, त्याच्यावर काही मायक्रोसेकंदांत येऊन आदळतो. त्याच वेळी सिलिकॉनमध्ये आधीच्या वहनातले विद्युतभार पूर्ण विरलेले नसतात. झपाट्याने वाढणारा दाब जंक्शनच्या धारित्रातून धारा ढकलतो, तिला या उरलेल्या भारांची साथ मिळते, आणि ट्रायॅक गेटशिवाय पुन्हा पेटतो. हे दर अर्धचक्रात घडत राहिले की लोड बंद करण्याचा उपायच उरत नाही. एकमेकांना उलटे जोडलेले दोन एससीआर वापरले तर हा त्रास फार कमी होतो, कारण त्यांतल्या प्रत्येकाला सावरायला पूर्ण अर्धचक्र मिळते. ट्रायॅकमध्ये दोन्ही दिशा एकाच सिलिकॉनमध्ये असल्याने ती उसंत मिळत नाही. मोठ्या भारासाठी, विशेषतः २५ ते ४० अँपिअरच्या पुढे, मी ट्रायॅकऐवजी एससीआरची जोडी निवडतो त्याचे मुख्य कारण हेच.

डेटाशीटमध्ये यासाठी दोन वेगळे आकडे असतात आणि त्यांची गल्लत फार होते. ट्रायॅक आधीपासून शांतपणे बंद असताना तो दर मायक्रोसेकंदाला शेकडो व्होल्टची वाढ सहन करू शकतो. वहन नुकतेच संपले असताना मात्र आपल्यासारख्या साध्या ट्रायॅकची सहनशक्ती १० व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदाच्या आसपास येते, आणि तीही धारा शून्याकडे फार वेगाने घसरत नसेल तरच. साइन धारेचा शून्याजवळचा उतार सहज काढता येतो: ५० हर्ट्झवर दर आरएमएस अँपिअरमागे सुमारे ०.४४ अँपिअर प्रति मिलिसेकंद. पूर्ण भारावर आपला ट्रान्सफॉर्मर २.२ अँपिअर घेईल, म्हणजे उतार १ अँपिअर प्रति मिलिसेकंदाच्या जवळ. हा आकडा चिंतेचा नाही. पण सेकंडरीवर ब्रिज रेक्टिफायर आणि मोठा कपॅसिटर असेल, तर धारा साइन राहत नाही. ती अरुंद, उंच शिखरांत येते आणि तितक्याच वेगाने कोसळते, आणि मग वरचे गणित लागू पडत नाही.

आपल्या २५ अँपिअरच्या प्रश्नाकडे येतो. मोठा ट्रायॅक धारेचा जास्त उतार सहन करतो, त्यामुळे त्याने लक्षण थोडे सौम्य होऊ शकते. पण त्याचा लॅचिंग आणि होल्डिंग करंट बहुधा तितकाच किंवा जास्त असतो, म्हणून रिकाम्या ट्रान्सफॉर्मरच्या क्षीण धारेवर तो पहिली तक्रार वाढवूही शकतो. मी तो बदल करणार नाही. मी त्याच आकाराचा, पण कम्युटेशनसाठी, म्हणजे धारा शून्य होताच नीट बंद होण्यासाठी, खास बनवलेला स्नबरलेस प्रकार बसवीन. आपल्या घटकाच्या कुटुंबात तो बीटीए१६-६००बीडब्ल्यू या नावाने मिळतो. त्याची आतली रचना अशी असते की एका दिशेचे उरलेले भार दुसऱ्या दिशेच्या भागात सहज शिरत नाहीत. मोबदल्यात तो चारपैकी तीनच क्वाड्रंटमध्ये (दुसरे मुख्य टोक आणि गेट यांच्या धन-ऋण जोड्यांमध्ये) पेटतो: दुसरे मुख्य टोक ऋण आणि गेट धन, ही स्थिती त्याला चालत नाही. आपला ऑप्टोकपलर गेटला नेहमी मुख्य टोकाच्याच ध्रुवतेची धारा देतो, त्यामुळे आपल्याला याची झळ लागणार नाही. मायक्रोकंट्रोलर थेट गेटला जोडणाऱ्यांनी मात्र ऋण गेट धारा द्यावी, म्हणजे कोणताही ट्रायॅक त्याच्या चांगल्या क्वाड्रंटमध्येच राहतो.

साधाच ट्रायॅक ठेवायचा असेल तर त्याच्या दोन मुख्य टोकांमध्ये स्नबर, म्हणजे रेझिस्टर आणि कपॅसिटर यांची मालिका, जोडावी लागते. १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड ही चांगली सुरुवात आहे. नेमकी मूल्ये लोडच्या इंडक्टन्सवर अवलंबून असतात. कपॅसिटर थेट पुरवठ्यावर टिकणारा, एक्स२ वर्गाचा घ्यावा. रेझिस्टर गाळून केवळ कपॅसिटर लावण्याची चूक करू नका: ३२५ व्होल्टला भारलेला कपॅसिटर ट्रायॅक पेटताच त्याच्यातूनच रिकामा होतो, आणि १०० ओहम असतील तर ती धारा ३.२५ अँपिअरवर थांबते, नसतील तर गेटजवळचा इवलासा भाग क्षणात तापून जळतो. स्नबरची एक किंमतही आहे. ०.१ मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्टवर सुमारे ७ मिलिअँपिअर धारा ट्रायॅक बंद असतानाही वाहत राहते. ट्रान्सफॉर्मरला तिने काही होत नाही, पण तेच सर्किट उद्या एखाद्या लहान एलईडी दिव्यावर वापरले तर तो बंद असतानाही मंद पेटलेला दिसेल.

ऑप्टोकपलरबद्दलही सांगणे आवश्यक आहे. एमओसी३०२१ची सहनमर्यादा ४०० व्होल्ट आहे आणि आपल्या पुरवठ्याचे शिखर ३२५ व्होल्ट. पुरवठ्यावर येणाऱ्या लहानमोठ्या उसळ्या लक्षात घेता ७५ व्होल्टची सवड मला पुरेशी वाटत नाही. इंडक्टिव्ह लोडवर तो ऑप्टोकपलर स्वतःच खोटा पेटून मुख्य ट्रायॅकला पेटवतो, आणि आपण दोष मुख्य ट्रायॅकला देत बसतो. एमओसी३०५२ हा त्याच पद्धतीचा, पण ६०० व्होल्टचा आहे, तो घ्यावा. मुख्य टोकांवर योग्य व्होल्टेजचा व्हॅरिस्टरही (व्होल्टेजच्या उसळ्या शोषणारा घटक) असावा.

आपल्या सर्किटला कोणीतरी झिरो क्रॉसिंगवरच पेटणारा ऑप्टोकपलर, उदाहरणार्थ एमओसी३०४१ किंवा एमओसी३०६३, सुचवील. हीटरसाठी हा सल्ला उत्तम आहे. तिथे काही पूर्ण चक्रे चालू आणि काही पूर्ण चक्रे बंद ठेवून शक्ती ठरवता येते, रेडिओ गोंगाट जवळजवळ होत नाही, आणि हीटर तापायला-निवायला इतका वेळ घेतो की त्या तुटकपणाचा परिणाम जाणवत नाही. ट्रान्सफॉर्मरसाठी मात्र हाच सल्ला घातक ठरतो. दाबाच्या शून्यावर ट्रान्सफॉर्मर जोडला तर पहिल्या अर्धचक्रात गाभ्यातला चुंबकीय प्रवाह नेहमीच्या शिखराच्या दुपटीपर्यंत जाऊ पाहतो, गाभ्यात आधीचे चुंबकत्व उरले असेल तर त्याहूनही वर, आणि सुरुवातीची धारा पूर्ण भाराच्या कित्येक पट होते. ट्रान्सफॉर्मर जोडण्याचा सर्वांत सौम्य क्षण दाबाच्या शिखराचा आहे. आपण फेज नियंत्रण करतच आहात, तर आणखी सोपा मार्ग आपल्या हातात आहे: सुरुवात १८० अंशांच्या जवळून करा आणि काही चक्रांत हळूहळू इच्छित कोनावर या. आपल्या फ्यूजच्या तक्रारीचा काही भाग या सुरुवातीच्या धक्क्याचाही असू शकतो.

पंखा चालवण्याचा विचार असेल तर तिथे वेगळीच अडचण येते. मिक्सर किंवा ड्रिलमधली ब्रशवाली मोटर फेज नियंत्रणाला छान प्रतिसाद देते. कपॅसिटरवर चालणाऱ्या इंडक्शन मोटरचे टॉर्क दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, कापलेल्या लहरीतील हार्मोनिक्समुळे (मूळ वारंवारतेच्या पटीतल्या लहरींमुळे) ती गुणगुणते आणि तापते, आणि कितीही चांगला ट्रायॅक बसवला तरी हे दोष जात नाहीत.

आता तपासणीचा क्रम. प्रथम ट्रान्सफॉर्मर जोडलेला ठेवून ऑप्टोकपलरच्या एलईडीची तार काढा. लोड तरीही चालू होत असेल तर पल्सचा प्रश्न बाजूला ठेवा. ट्रायॅक शॉर्ट झाला आहे का ते मीटरने पाहा, आणि तो ठीक असेल तर स्नबर, ऑप्टोकपलर व स्नबरलेस ट्रायॅक या दिशेने जा. लोड बंद राहत असेल तर तार जोडा आणि गेटचा इशारा लांब करा. त्याने गुणगुण थांबली तर कारण अर्धलहरीचे होते. थांबली नाही तर ट्रान्सफॉर्मरला समांतर १०० वॅटचा तंतूचा बल्ब जोडून पाहा. त्याच्या रोधी धारेमुळे लॅचिंगची अडचण दूर होते, म्हणून बल्ब जोडताच वागणूक सुधारली तर ऑप्टोकपलर आणि गेट यांच्यामधला रेझिस्टर तपासा, गेटला पुरेशी धारा मिळत नसावी. ऑसिलोस्कोपने पाहायचे झाल्यास डिफरन्शियल प्रोब वापरा, कारण साध्या प्रोबची ग्राउंड क्लिप या सर्किटला लावणे म्हणजे पुरवठा थेट अर्थला जोडणे होय. ट्रायॅक बंद असला तरी त्याच्यापुढची तार मृत समजू नका. त्याच्यातून व स्नबरमधून गळती चालूच असते, आणि ट्रायॅक निकामी होतो तो बहुतेकदा शॉर्ट होऊन, म्हणून हात घालण्यापूर्वी पुरवठा यांत्रिक स्विचने तोडावा आणि तो तुटल्याची खात्री मीटरने करावी. सेकंडरीवर काय जोडले आहे आणि या क्रमात कुठल्या पायरीवर काय दिसले ते कळवलेत, तर स्नबरची नेमकी मूल्ये काढून देता येतील.